मोरचूद, चुना आणि कोळंबीचें टरफल

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पिण्याच्या पाण्यासाठीं तांब्याचा हंडा असे. कांहींच्या घरीं तो अजूनही आहे. तांब्याच्या भांड्यांत ठेवलेलें पाणी लवकर नासत नाहीं, हें वडील मंडळींनीं आपणांस सांगितलें. कां नासत नाहीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आपणही विचारलें नाहीं. या घरगुती भांड्यापासून आजच्या भाषणास आरंभ करण्याचें कारण असें कीं, पिकांवर पडणाऱ्या बुरशीशीं मनुष्य गेलीं दोनशें वर्षें जो झगडा करीत आला आहे, त्याचा पहिला धागा अशाच एका तांब्याच्या भांड्यांत सांपडला. आणि त्या धाग्याचें दुसरें टोंक आज कोळंबीच्या टाकाऊ टरफलाशीं येऊन पोंचलें आहे. हा मधला प्रवास कसा झाला, त्यांत काय मिळालें व काय गमावलें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

बुरशी ही वस्तु घरोघरीं परिचयाची आहे. पावसाळ्यांत ती लोणच्याच्या बरणींत, शिळ्या भाकरीवर आणि कपाटांतील चामड्याच्या जोड्यांवर चढते, आणि आपण ती पुसून टाकून मोकळे होतों. शेतकऱ्याला असें मोकळें होतां येत नाहीं. ज्वारीच्या कणसांतील काणी, गव्हावरील तांबेरा, बटाट्यावरील करपा, द्राक्षांवरील भुरी व केवडा, सुपारीच्या बागांतील कोळेरोग, हीं सर्व एकाच जातीच्या शत्रूचीं नांवें आहेत. आजच्या शास्त्राप्रमाणें बटाट्याचा करपा, केवडा व कोळेरोग घडवून आणणारे जीव खऱ्या बुरशीच्या कुळांतले नसून शैवालाला अधिक जवळचे आहेत; परंतु त्यांची वागणूक बुरशीसारखीच असल्यामुळें व्यवहारांत त्यांना बुरशीच म्हणतात, आणि मीही येथें तसेंच म्हणणार आहे.

हे जीव डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजकणांच्या रूपानें वाऱ्याबरोबर व पावसाच्या थेंबांबरोबर पसरतात. ओल्या पानावर कण पडला कीं तो रुजतो, त्याला कोंब फुटतो, आणि तो कोंब पानाच्या आंत शिरून त्याच्या रसावर पोसला जातो. एकदां तो आंत शिरला, म्हणजे बाहेरून शिंपडलेल्या औषधाचा फारसा उपयोग होत नाहीं. म्हणून या झगड्याचें मर्म एवढेंच कीं, कण रुजण्यापूर्वींच पानावर पहारा बसला पाहिजे.

हें आज सोपें वाटतें. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपांतील बहुतेक विद्वानांचा समज असा होता कीं, पिकांचे रोग धुक्यापासून, दंवापासून किंवा दूषित हवेपासून होतात. बुरशी ही रोगाचें कारण नसून सडलेल्या झाडांतून आपोआप उपजणारी वस्तु आहे. या समजुतीला जोराचा धक्का दिला तो बेनेदिक्त प्रेव्हो या गृहस्थानें. प्रेव्हो मूळचा जिनीव्हाचा. फ्रान्सच्या दक्षिणेस मोंतोबां या गांवीं एका कुटुंबांतील मुलांना शिकविण्याकरितां तो आला आणि तेथेंच राहिला. माझा सारा जन्म शिकविण्यांत गेल्यामुळें या मनुष्याविषयीं मला थोडा आपलेपणा वाटतो, हें मी लपवीत नाहीं.

गव्हाच्या दाण्यांत काळी, दुर्गंधी भुकटी भरून टाकणारा काणीचा एक प्रकार आहे. त्या भुकटीचे कण पाण्यांत ठेवून प्रेव्हो ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असे. ते बियांप्रमाणें रुजतात हें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. परंतु तांब्याच्या भांड्यांतून आलेल्या पाण्यांत ठेवलेले कण मात्र रुजेनात. दुसरा एखादा मनुष्य तें पाणी फेंकून देऊन नवें घेता. प्रेव्होनें तसें केलें नाहीं. तांब्याचा अत्यल्प अंश पाण्यांत उतरला असावा व त्यानेंच कण निर्जीव झाले असावे, असा त्यानें तर्क केला, आणि मोरचुदाच्या पाण्यांत गव्हाचें बियाणें भिजवून तो तर्क पडताळून पाहिला. मोरचूद म्हणजे तांब्याचाच निळा क्षार. १८०७ सालीं त्यानें आपला निबंध प्रसिद्ध केला.

पॅरिसच्या विद्वानांनीं तो मान्य केला नाहीं. बियाणें मोरचुदाच्या पाण्यांत भिजविण्याची रीत शेतकऱ्यांत हळूहळू पसरली, आणि पुढें आपल्याकडे ज्वारीच्या काणीवरही ती वापरांत आली. परंतु बुरशी हीच रोगाचें कारण होय, हा प्रेव्होचा मुख्य विचार मागें पडला. या उपेक्षेचें मोल पुढें फार मोठें पडलें.

१८४५ च्या सप्टेंबरांत आयर्लंडांत बटाट्यांवर करपा आला. तेथील गरीब कुळें जवळजवळ बटाट्यावरच जगत होतीं. पानें काळीं पडलीं, देंठ कोसळले, आणि जमिनींतून काढलेले बटाटे सडून गेले. पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच झालें. त्या कांहीं वर्षांत सुमारे १० लक्ष माणसें उपासमारीनें व तिच्यामागून आलेल्या सांथींनीं मेलीं, आणि जवळजवळ तितकींच, किंबहुना अधिकच, देश सोडून गेलीं. या अनर्थाचा सारा दोष बुरशीवर घालतां येणार नाहीं. देशांत दुष्काळ असतांना धान्याचीं जहाजें बाहेर जात होतीं, आणि तो दोष राज्यकर्त्यांचा होता. परंतु शेतांत काय घडत आहे हें कळण्यासही वेळ लागला. माइल्स बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकानें १८४६ सालीं बुरशी हेंच कारण असें प्रतिपादन केलें, तेव्हां त्याला विरोध झाला. आंतोन दे बारी या जर्मन शास्त्रज्ञानें १८६१ सालीं प्रयोगानें ती गोष्ट सिद्ध केली, तेव्हां कोठें वाद मिटला. प्रेव्होच्या निबंधाला तेव्हां चोपन्न वर्षें झालीं होतीं.

आतां आपण पुन्हां फ्रान्समध्यें येऊं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नांवाच्या, मुळें पोखरणाऱ्या किड्यानें तेथील द्राक्षांचे मळे उजाड केले. त्यावर उपाय म्हणून या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेली आणण्यांत आल्या. आणि त्या वेलींबरोबर केवडा हा नवा रोगही आला. १८७८ सालीं तो फ्रान्सांत प्रथम दिसला. पानें अकालीं गळूं लागलीं, आणि पानें गेल्यावर घड पिकणार कसे?

१८८२ च्या ऑक्टोबरांत बोर्दो विद्यापीठाचे अध्यापक पियेर मिलार्दे हे मेदॉक प्रांतांतील सेंट जुलियां येथील एका मळ्यांतून जात होते. सर्व वेली पर्णहीन झाल्या होत्या; परंतु रस्त्याच्या कडेच्या ओळींवर पानें टिकून होतीं, आणि त्यांवर निळसर पांढरा थर दिसत होता. मळ्याचे व्यवस्थापक अर्नेस्त दाव्हीद यांना विचारतां असें कळलें कीं, वाटसरू द्राक्षें तोडून खातात म्हणून त्यांना भीति वाटावी यासाठीं मोरचूद व चुना यांचें पाणी कडेच्या वेलींवर शिंपडण्याची त्या भागांत चाल आहे. चोरांसाठीं घातलेल्या धाकानें बुरशीही दूर राहिली होती! मिलार्दे यांनीं तीन वर्षें प्रयोग केले. युलिस गेयों या रसायनशास्त्रज्ञांचें त्यांना साहाय्य झालें. आणि १८८५ सालीं त्यांनीं कृति प्रसिद्ध केली. १०० लिटर पाण्यांत ८ किलो मोरचूद विरघळवावा, ३० लिटर पाण्यांत १५ किलो चुना कालवावा, आणि दोन्ही एकत्र करावीं. झाडूच्या लहान कुंचल्यांनीं तें प्रथम पानांवर शिंपडीत. याच औषधाला बोर्दो गांवावरून बोर्डो मिश्रण हें नांव पडलें, आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत तें आजही याच नांवानें ओळखलें जातें.

येथें एक शंका सहज येते. हें विष द्राक्षारसांत उतरत नाहीं काय? हाच प्रश्न त्या दोघांनाही पडला होता. त्यांनीं फवारलेल्या द्राक्षांच्या मद्याची परीक्षा केली आणि त्यांत तांब्याचा अंश अत्यल्प असल्याचें दाखविलें. औषध सुचविणाऱ्यानेंच त्याच्या अपायाचीही चौकशी केली, हें मला या कथेंतील अनुकरणीय असें अंग वाटतें.

मिश्रणाचें काम कसें चालतें तें पाहूं. नुसता मोरचूद पानाला जाळतो. चुन्यानें त्याची आम्लता मारली जाते, आणि तांबें एका चिकट, निळ्या, पाण्यांत न विरघळणाऱ्या सांक्याच्या रूपानें पानाला धरून बसतें. पुढें दंवानें व पावसानें त्याचा थोडा थोडा अंश सुटतो आणि रुजूं पाहणाऱ्या कणाला मारतो. चुना पुरेसा पडला कीं नाहीं हें पाहण्याची बागाईतदाराची युक्ति सोपी आहे: लोखंडी पातें मिश्रणांत थोडा वेळ बुडवावयाचें, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे असें समजावयाचें. मिलार्दे यांच्या कृतींतील प्रमाण अनुभवानें पुष्कळच उतरलें. आज १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना हें प्रमाण सर्वसाधारण मानतात. आठाचा एक झाला, आणि तरी औषध लागू पडलें. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेचें बीज तींत आहे.

या औषधाची योग्यता किती, हें पहिल्या महायुद्धांत जर्मनीला कळलें. १९१६ सालीं ओलसर हवेंत तेथें बटाट्यावर करपा पडला. तांबें युद्धसाहित्यासाठीं राखून ठेवलेलें असल्यामुळें शेतांना तें मिळालें नाहीं. बटाट्याचें पीक आदल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास आलें, आणि त्या हिवाळ्यांत शहरांतील लोकांनीं गुरांना घालावयाचे सलगम खाऊन दिवस काढले.

आपल्या देशांत या मिश्रणाचा प्रसिद्ध विजय झाला तो सुपारीच्या बागांत. म्हैसूरच्या मलनाड भागांत पावसाळ्यांत सुपारीचे घोंस सडून गळून पडत. त्या रोगाला कानडींत कोळेरोग म्हणतात. जुने बागाईतदार प्रत्येक घोंसाला पानांची टोपी बांधून तो पावसापासून झांकीत. उपाय खरा होता, पण शेंकडों उंच झाडांवर चढून टोप्या बांधणें हें मोठें कष्टाचें व खर्चाचें काम होतें. म्हैसूर संस्थानच्या शेतकी खात्यांतील लेस्ली कोलमन या कॅनडियन शास्त्रज्ञानें १९१० च्या सुमारास या रोगाचा अभ्यास करून बोर्डो मिश्रणाचा प्रचार केला. कोंकणांत व गोमंतकांत सुपारीच्या बागांवर पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाच्या उघडिपींत जी निळी फवारणी होते, ती याच परंपरेंतली आहे.

येथवरची कथा उपकाराची झाली. आतां ऋणाची बाजू पाहूं. तांबें हें मूलद्रव्य आहे. तें कुजत नाहीं, जळत नाहीं, नाहींसें होत नाहीं. पानावरून धुपून तें जमिनींत उतरतें आणि वरच्या थरांतील कुजलेल्या पालापाचोळ्याशीं बांधलें जाऊन तेथेंच राहतें. युरोपांतील जुन्या द्राक्षमळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची फवारणी सांचत गेली, आणि अशा जमिनींत गांडुळें व इतर उपयुक्त सूक्ष्म जीव यांना अपाय होतो असें आढळून आलें. माणसांचीही तीच गोष्ट. १९६९ सालीं पोर्तुगालांतील वैद्यांनीं, वर्षानुवर्षें बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत होणाऱ्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. युरोपीय संघानें २०१९ पासून अशी मर्यादा घातली आहे कीं, सात वर्षांत मिळून एका हेक्टरांत २८ किलोपेक्षां अधिक तांबें पडूं नये. औषध टाकून द्यावें तर बुरशी आहे. द्यावें तर जमीन आहे. म्हणून प्रश्न असा उभा राहिला कीं, तांब्याचा गुण ठेवून त्याची मात्रा आणखी किती उतरवितां येईल?

याचें एक उत्तर अगदीं निराळ्या दिशेनें येत होतें. १८११ सालीं नॅन्सी येथील वनस्पति-उद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांना भूछत्रांत एक चिवट द्रव्य सांपडलें. १८२३ सालीं ओदिये या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाला तसलेंच द्रव्य भुंग्यांच्या कवचांत मिळालें, आणि वस्त्रवाचक ग्रीक शब्दावरून त्यानें त्याला कायटीन हें नांव दिलें. कोळंबी व खेंकडे यांच्या टरफलांतही तेंच द्रव्य असतें. १८५९ सालीं शार्ल रूजे यांनीं कायटीन तीव्र क्षारांत उकळलें, तेव्हां तें सौम्य आम्लांत विरघळूं लागलें. या नव्या रूपाला १८९४ सालीं होप्पे-झाइलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें कायटोसान असें नांव दिलें. त्याची कृति आजही मुळांत तीच आहे: टरफलांतील चुना आम्लानें काढावयाचा, मांसल अंश सौम्य क्षारानें काढावयाचा, आणि उरलेलें कायटीन तीव्र, उष्ण क्षारांत शिजवावयाचें. जें टरफल किनाऱ्यावरील कारखान्यांच्या मागें ढिगांनीं पडून दुर्गंधि सुटते, त्यांतून हें पांढरें पीठ निघतें.

जवळजवळ शंभर वर्षें या पिठाचा आणि पिकांच्या रोगांचा संबंध कोणाच्या फारसा लक्षांत आला नव्हता. १९७९ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठांत ली हॅडविगर व त्यांचे सहकारी ॲलन यांनीं दाखविलें कीं, कायटोसान पुष्कळ बुरशींची वाढ रोखतें. ज्यांच्या स्वतःच्या भिंतींत कायटोसान आहे, त्याच बुरशी त्याला दाद देत नाहींत. कायटोसानाचे कण सौम्य आम्लांत धनविद्युद्भारित असतात व बीजकणाच्या ऋणभारित आवरणाला चिकटून त्यांत बिघाड करतात, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण अधिक नवलाचें आहे. बुरशीच्या भिंतींत कायटीन असतें. तिचे तुकडे झाडाला लागले, म्हणजे झाड शत्रु आला असें समजून आपली संरक्षक द्रव्यें तयार करूं लागतें. भातामध्यें हे तुकडे ओळखणारें प्रथिन जपानी संशोधकांनीं २००६ सालीं शोधून काढलें. कायटोसान फवारणें म्हणजे कांहीं अंशीं झाडाला वेळेवर सावध करणें होय.

आतां दोन्ही धागे एकत्र येतात. कायटोसानाच्या लांब सांखळीला जागोजागीं असे गट असतात कीं, ते तांब्याच्या कणांना धरून ठेवतात. १९९७ सालीं स्पेनमधील संशोधकांनीं कायटोसानाच्या द्रावणांत एक फॉस्फेट-क्षार थेंबाथेंबानें मिसळून त्याचे अतिसूक्ष्म गोळे बनविण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. त्यांचा हेतु मानवी औषधें शरीरांत पोंचविण्याचा होता. या गोळ्यांचें माप नॅनोमीटरांत करतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहालक्षावा भाग. आणि हे गोळे सामान्यतः अशा कांहीं शें नॅनोमीटरांचे असतात. हीच रीत शेतीकडे वळविण्यांत आपल्या देशांतील संशोधकांचा चांगला वांटा आहे. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषि व तंत्रज्ञान विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं तांबेंयुक्त कायटोसानाच्या कणांचे टोमॅटोवरील दोन बुरशींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शेंकडा ०.१२ इतक्या प्रमाणांत, करप्याच्या बुरशीची वाढ शेंकडा ७०.५ व मर रोगाच्या बुरशीची शेंकडा ७३.५ इतकी रोखली गेली. तांबें कणांत बांधलेलें असल्यामुळें तें सावकाश सुटतें. आणि भोंवतालीं आम्लता वाढली कीं अधिक सुटतें. बुरशी वाढतांना स्वतःभोंवतीं आम्लता निर्माण करते. म्हणजे जेथें चोर, तेथेंच पहारा जागा, अशी ही योजना आहे. जस्त, चांदी इत्यादि इतर धातूंवरही असेच प्रयोग चालू आहेत.

हें ऐकून कोणास वाटेल कीं, आतां प्रश्न सुटला. तसें म्हणण्याची घाई करूं नये. हे आंकडे प्रयोगशाळेंतील कांचेच्या ताटलींतले आहेत. शेतांत ऊन असतें, वारा असतो, मुसळधार पाऊस असतो. टरफलागणिक कायटोसानाचा गुण बदलतो, आणि दरवेळीं सारख्या मापाचे कण बनविणें व ते शेतकऱ्याला परवडणाऱ्या किंमतींत देणें ही सोपी गोष्ट नव्हे. शिवाय इतका सूक्ष्म कण पाण्यांत, मातींत, मधमाशीच्या अंगीं आणि फवारणाऱ्या मजुराच्या श्वासांत जाऊन काय करतो, हेंही पाहिलें पाहिजे. भारत सरकारनें २०२० सालीं अशा नॅनो-पदार्थांच्या परीक्षेसाठीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, ते याच हेतूनें.

या दोनशें वर्षांच्या इतिहासांत मला दोन प्रकारचा उशीर दिसतो. प्रेव्होनें १८०७ सालीं सांगितलेली गोष्ट ऐकण्यास विद्वानांनीं अर्धें शतक घेतलें, हा पहिला. आणि १८८५ पासून वापरांत असलेल्या औषधानें मजुराच्या छातीचें काय होतें हें पाहण्यास ऐंशींहून अधिक वर्षें लागलीं, हा दुसरा. पहिल्या उशिरानें भुकेले मेले. दुसऱ्यानें फवारणारे खंगले. नवें औषध शेतापर्यंत पोंचवितांना आपणांस या दोन्ही चुका टाळावयाच्या आहेत: उपेक्षेनें तें प्रयोगशाळेंत कुजूं देतां कामा नये, आणि उत्साहाच्या भरांत त्याची पुरी परीक्षा होण्यापूर्वीं तें खेड्यापाड्यांत पसरूं देतां कामा नये.

शहरांत राहणाऱ्या आपणां लोकांचाही यांत संबंध आहे. बाजारांत आपण डाग नसलेला घड निवडून घेतों व डागाळलेला मागें सारतों. त्या निवडीसाठीं कोणाला तरी पाठीवर पंप घेऊन निळ्या तुषारांत उभें राहावें लागतें, आणि कोणाची तरी जमीन तें तांबें पोटांत घेते. औषधाची मात्रा उतरविण्यासाठीं चाललेल्या या संशोधनाकडे आपण शेतकऱ्याची बाब म्हणून पाहूं नये. ती आपल्या ताटांतली बाब आहे.